मानेचं प्रात्यक्षिक

कांदावू बेट,
६ ऑगस्ट १९९४

ती. सालासेइनी आत्यास,
एमोरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येईल म्हणून मागच्या बोटीला मी धक्क्यावर जाऊन उभा होतो. पिठाची पोती उतरली, एक फ्रिज उतरला, पाद्रीबुवांची सासू उतरली, पत्र काही उतरलं नाही. म्हणजे तू रागावली आहेस. रागव, पण हे पत्र पुरतं वाच. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर माझी सख्खी आत्या, आणि मला आकानिसीची एक बातमी मिळू नये, हा कुठला न्याय?

घरी सगळे बरे आहेत. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. यांगोनाच्या मळ्यात पेयासाठी कुठल्या ओळीची मुळं खणायची ते फक्त बोटानं दाखवतात. आईनं गावभर सांगितलंय की मी सुट्टीवर आलोय. तिसऱ्या वर्षाच्या मधोमध कसली सुट्टी, असं दवाखान्यातल्या नव्या नर्सनं विचारलं, तर आई म्हणाली की कॉलेजातली पाण्यातल्या व्यायामाची टाकी फुटलीय, दुरुस्ती चालू आहे. मी मान डोलावली. काय करणार?

डीनसाहेबांनी तुला सांगितलं ते अर्धंच आहे. उरलेलं मी सांगतो. आमच्या रुग्ण-पुनर्वसनाच्या कॉलेजात हात एकमेकांच्या अंगावरच तयार होतात हे तुला माहीत आहे. हाडं, सांधे, स्नायू, सगळं आधी जोडीदाराचं, मग रुग्णाचं. दोन वर्षं माझी जोडीदार आकानिसी होती. रग्बीत निखळलेला माझा डावा खांदा तिनं कोनमापक लावून इतक्या वेळा मोजला असेल की तो माझ्यापेक्षा तिलाच जास्त ओळखतो. या वर्षी आमच्या शिक्षिका मिस प्रिंगल म्हणाल्या की हातांना नवी शरीरं कळली पाहिजेत, जोड्या बदला. मला मिळाला कामिनिएली, ज्याला गुडघ्याला हात लावला तरी गुदगुल्या होतात. तिला मिळाला पेदेली. तोच तो, लाउतोकाच्या साखर कारखान्याच्या वस्तीत वाढलेला, केसांना तेल चोपडणारा, आपल्याकडची बोली बोलायला गेला की दातात खडा आल्यासारखा बोलणारा.

त्या दिवशी मानेचं प्रात्यक्षिक होतं. पेदेली टेबलावर उताणा. आकानिसी त्याच्या डोक्याशी स्टुलावर. आणि तिनं दोन्ही तळहातांवर त्याचं डोकं घेतलं. डोकं, आत्या. आपल्यात मोठ्या माणसाच्या डोक्यावरून काही काढायचं झालं तरी आधी तुलोऊ म्हणून माफी मागतात. तेही मी सोसलं असतं, कारण इथे शरीर म्हणजे फक्त शरीर असं मिस प्रिंगल रोज बजावतात. पण हात लावायच्या आधी ती इतक्या हळू तुलोऊ म्हणाली की माफी मागतेय की ओवी म्हणतेय कळेना. त्यानं डोळे मिटून घेतले. तिचे हात थरथरत होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. झाल्यावर तिनं ओंजळीचा आवाज करून टाळी दिली, सरदारापुढून उठताना देतात तशी. दोन वर्षांत मला तिनं कधी तुलोऊ म्हटलं नाही. टाकीतल्या व्यायामानंतर माझं डोकं ती टॉवेलात धरून नारळ हलवून बघावा तसं हलवायची, आणि आत पाणी नाही म्हणायची.

मग माझा हात उठला. पेदेली टेबलावरून खाली पडला, शेजारचा शिकवायचा सांगाडाही पडला. मी पांढरा कोट टाकीत भिरकावला आणि चालता झालो. मला कुणी काढलेलं नाही, मीच सोडलं, एवढं लोकांना नीट सांग.

आता मला एवढंच कळव. अजून तोच तिचा जोडीदार आहे का? जेवायला दोघं एकत्र बसतात का? ती माझ्याबद्दल काही विचारते का? तुझ्या खोलीची खिडकी अंगणाकडे आहे, तुला सगळं दिसतं.

माझ्यावरचा तुझा लोभ मी पुरवून पुरवून वापरतोय, आणखी थोडा लागेल.

तुझा
एमोरी

---

सुवा,
१९ ऑगस्ट १९९४

चि. एमोरी यास,
आत्याचे अ. आ. अजून देते आहे, हे तुझं नशीब.

तुझा कोट टाकीतून काढला. तो आटून आता कुठल्याशा बाहुलीला होईल. सांगाड्याचा जबडा निखळला होता, तो पट्टीनं बांधलाय, आणि पोरं त्याला एमोरी म्हणतात. तोंड बांधलेला एमोरी पहिल्यांदाच पाहिला, असं कामिनिएली म्हणाला आणि अख्खा वर्ग हसला. हसली नाही ती एकटी आकानिसी. हे तुला आवडेल म्हणून आधी लिहिलं.

आता न आवडणारं. ती तुझ्याबद्दल काही विचारत नाही. पहाटे उठते, इस्पितळातल्या व्यायामशाळेत जाते. तिथे रेवाचा म्हातारा तोमासी आहे, साखरेच्या आजारानं पाय गेलेला. त्याला ती दोन दांड्यांच्या मधून नव्या पायावर चालायला शिकवते. तो तिच्या खांद्यावर सगळा भार टाकतो, आणि ही आपली आणखी दोन पावलं म्हणून त्याला फसवत पार टोकापर्यंत नेते. परत येते ती घामानं भिजून. नोव्हेंबरात या वर्षाची शेवटची परीक्षा आहे आणि तिला पहिल्या तिघांत यायचंय. पोरगी अभ्यास करतेय, तू मळा खण.

पेदेलीनं तक्रार केलेली नाही. त्याचा कान आठवडाभर टोमॅटोसारखा होता, विचारलं तर दारावर आपटलो म्हणाला. डीनसाहेब म्हणतात की त्याच्या माणसांनी क्षमा केली तर तुला फेब्रुवारीत परत घेता येईल. म्हणजे दार लोटलंय, कडी घातलेली नाही.

जोडी बदललेली नाही. पण तू जे मनात घेऊन बसलायस त्यातलं मला काही दिसत नाही. उलट तो जेवणघराच्या या दारानं आला की ती त्या दारानं जाते. जिन्यात ती वर येत असली तर हा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, ती गेली की मग उतरतो. प्रात्यक्षिक सोडून दोघं एक शब्द बोललेले मी पाहिले नाहीत. मला याचं काही वेगळंच कारण वाटतं, पण खात्री केल्याशिवाय लिहिणार नाही. तोवर तू तर्क लढवत बसू नकोस. आणि मी रेक्टर आहे, अंड्यांवर बसलेली कोंबडी नव्हे, तेव्हा खिडकीची कामं मला सांगू नकोस.

तुझ्या बापाला म्हणावं, बहिणीला दालोचा कंद पाठवायला बोलावं लागत नाही, बोटानं दाखवून बोटीत टाकला तरी पोचतो.

लोभ आहे, फार ताणून बघू नकोस.

तुझी
आत्या

---

कांदावू,
२७ ऑगस्ट १९९४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू कारण वेगळं म्हणतेस. मला तुझ्या पत्रात एकच कारण दिसलं, आणि ते वाचून मी हातातली पहार समुद्रात फेकली. बाबांनी ती मला बुडी मारून काढायला लावली.

भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. ती या दारानं, तो त्या दारानं. आत्या, आपल्या गावात कुणाचं कुणाशी आहे हे कशावरून ओळखतात? सबंध नाचात जे दोघं एकमेकांकडे मान वर करून बघत नाहीत, त्यांच्यावरून. मी आणि ती पहिल्या वर्षी चर्चमध्ये असेच बसायचो, मी डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावर, ती उजव्या बाजूच्या शेवटच्या. कुणाला कळू नये म्हणून मी चार महिने तिच्याकडे बघितलं नव्हतं, आणि त्या चार महिन्यांत दुसरं काही केलंही नव्हतं. आता ते सगळं तो करतोय. माझी जागा, माझी जोडीदार आणि माझी पद्धतसुद्धा.

रात्री झोप लागत नाही. तिच्या बोटांखाली आता त्याचा खांदा असेल, त्याचा गुडघा, त्याचं मनगट. त्याचा सांधा किती अंशांत वळतो हे तिला पाठ झालं असेल आणि माझा आकडा पुसला गेला असेल. म्हाताऱ्या तोमासीचासुद्धा मला राग येतो. माणसाचा पाय गेला म्हणून हळहळावं, तर मी इथे बसून त्याचा हात कुणाच्या खांद्यावर आहे याचा हिशेब करतो. तू म्हणशील वेडा झालाय. झालोय.

पण मी नुसता बसलेलो नाही. मी मोआला बेटावर तिच्या वडिलांना पत्र टाकलं. इनोकेसाहेबांना मी ओळखत नाही, पण पत्ता तिच्या ट्रंकेवर पाहिला होता. स्वच्छ लिहिलं की तुमच्या मुलीचं लाउतोकाच्या पेदेलीशी काहीतरी चाललंय, सगळ्या वर्गानं पाहिलंय, बाप म्हणून तुम्ही लक्ष घाला. खाली माझं नाव घातलं. निनावी लिहिणारा मी नव्हे. आता ते येतील, त्याला चार गोष्टी सुनावतील, जोडी तुटेल.

बाबांनी दालोची दोन पोती पाठवलीत, बोटानंच.

हे वाचून तू कपाळाला हात लावशील. लाव, पण नातं तोडू नकोस.

तुझा
एमोरी

---

सुवा,
१४ सप्टेंबर १९९४

एमोरी,

आज आशीर्वाद नाहीत. मागच्या वेळचे असतील तर त्यांवर निभाव.

इनोकेसाहेब परवा आले. उंच माणूस, पांढरे केस, शर्टाच्या खिशात तुझं पत्र. माझ्या खोलीत चटईवर बसले, चहा घेतला, पाऊसपाणी विचारलं, आणि मग ते पत्र उलगडून माझ्यापुढे ठेवलं. अक्षर ओळखलंत का, एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं.

पेदेली हा त्यांच्या पाठच्या भावाचा मुलगा आहे. सख्ख्या भावाचा. तो भाऊ तरुणपणी कारखान्यात कामाला म्हणून लाउतोकाला गेला आणि तिकडेच राहिला. पोरगा तिथली बोली बोलतो, त्याला आपण मोआलाचा कसा ओळखणार? आपल्यात घराण्याचं एक आडनाव नसतं, त्यामुळे नावावरून कोण कुणाचा भाऊ ते कळत नाही. मला संशय होता तो हाच, आणि मी तो लिहायला हवा होता, हे माझं चुकलं.

म्हणजे तो आकानिसीचा भाऊ झाला. आता तुला माहीत असलेलंच लिहिते, कारण तू ते विसरलेला दिसतोस. जाणत्या वयाचे बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, एका खोलीत एकटे बसत नाहीत, एकमेकांना चिठ्ठी लिहीत नाहीत, हातातून हातात वस्तू देत नाहीत. भाऊ जिन्यात भिंतीकडे तोंड करतो ते यासाठी. आणि अशा मुलीच्या हातांवर मिस प्रिंगलनी भावाचं डोकं ठेवलं. मिस प्रिंगल परदेशी, डनीडनच्या, त्यांना काय ठाऊक? दोघांनी आपसात काही न बोलता ठरवून टाकलं की कॉलेजात सांगून नात्याचं प्रदर्शन मांडायचं नाही, परीक्षेपर्यंत सोसायचं. तिचे हात थरथरले ते त्या लाजेनं. त्यानं डोळे मिटले ते बहिणीनं रडू आवरावं म्हणून. आणि नेमक्या त्या क्षणी तू त्याला डोक्यावर मारलंस. एवढ्यानं पोट भरलं नाही, म्हणून तू तिच्या बापाला लिहून कळवलंस की तुमच्या मुलीचं तिच्या भावाशी चाललंय.

आता पुढचं. इनोकेसाहेब तिला न्यायला आले होते. पोरीच्या नावाला डाग लागला, आता शिक्षण पुरे, ट्रंक भर, म्हणाले. खाली मान घालून तिनं ट्रंक भरायला घेतली, कोनमापक तेवढं टेबलावर ठेवलं, कारण ते कॉलेजचं. मला बघवेना. मी आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते, त्यांच्यापुढे जोडले. पोराची माणसं तुमच्या दारी येऊन बसतील, तोवर तिला राहू द्या, म्हटलं. त्यांनी तुझं पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, दारी येऊ देत. मन भरलं तर मुलगी परीक्षा देईल, नाही तर पुढच्या बोटीनं घरी.

तेव्हा तुझ्या बापाला हे पत्र जसंच्या तसं वाचून दाखव. त्याला म्हणावं, क्षमा मागताना देतात तो व्हेलचा दात पेटीतून काढ, यांगोनाची चांगली मुळं काढ, गावचा बोलका माणूस बरोबर घे आणि मोआलाला जा. तुला जावंच लागेल. तिथे मान खाली घालून बसायचं, आणि तुझ्या तोंडचं बोलका माणूस बोलेल. तू नाही. तुला हे जमणार नाही अशी मला धास्ती आहे, म्हणून दोनदा लिहिते. तू नाही.

आत्या

---

कांदावू,
२५ सप्टेंबर १९९४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., आणि या वेळी खरोखरच पायांवर डोकं ठेवून.

पत्र वाचून दाखवलं. बाबा मी कधीच ऐकला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात बोलले, म्हणजे बोलणं सुरू झालं म्हणायचं. आई ओटीवर जाऊन बसली. मग बाबांनी आजोबांचा दात पेटीतून काढला, खोबरेल लावून पुसला आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. उचलून बघ किती जड आहे, म्हणाले. सबंध संध्याकाळ मला तो खाली ठेवू दिला नाही.

मी काय लिहू? दोन दिवस मला आरशात बघवलं नाही. पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पेदेली भाऊ निघाला म्हणून माझी आग विझेल असं तुला वाटलं असेल, तर ती नुसती जागा बदलून बसलीय. मला आता त्याच्या गप्प राहण्याचा हेवा वाटतो. मार खाऊन दारावर आपटलो म्हणाला. तिच्यासाठी असं काहीतरी करायची संधी मला हवी होती आणि ती त्याला मिळाली. मी काय केलं, तर एक सांगाडा पाडला.

तिला पत्राचं कळलंय का? कळलं असेल तर ती काय म्हणाली ते लिहू नकोस. काहीच म्हणाली नसेल तर तेही लिहू नकोस.

आम्ही ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मोआलाला निघतो. मी तोंड उघडणार नाही. गिळायला सांगतील ते गिळीन. ती परीक्षेला बसली पाहिजे, बाकी काही मला नको. हे लिहिताना मला नको हा शब्द तीनदा खोडावा लागला, कारण मला ती हवीच आहे. मोआलाला शांत झालं, फेब्रुवारीत कॉलेजात परत आलो, की पुढच्या वर्षी दुसरा दात घेऊन तिला मागायला तिच्या बापाच्या दारी जायचं मी मनाशी ठरवलंय. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आशीर्वाद मागत नाही, तुला द्यावेसे वाटतील तेव्हा दे.

तुझा
एमोरी

---

सुवा,
१६ ऑक्टोबर १९९४

एमोरीस,
कसं संबोधू ते ठरवता ठरवता दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं नाव.

मी तुला कधी पत्र लिहिलं नव्हतं आणि लिहिणारही नव्हते. तुझ्या आत्यांनी मला तीन दिवस समोर बसवून जेवू घातलं, मग म्हणाल्या की दोन ओळी खरड, पोरगं मळ्यात जीव देईल. जीव देणार नाहीस, तुझा तेवढा धीर नाही. धीर असता तर मारण्याआधी विचारलं असतंस.

मी तुला का नाही सांगितलं असं तू विचारशील. भावाबद्दल मी तुझ्याशी काय बोलणार होते? असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. मला वाटलं तू बघशील आणि ओळखशील. त्याला मी तुलोऊ म्हणते आणि तुझं डोकं धरून हलवते, यातलं माझं माणूस कोण, हे कांदावूच्या बकरीलाही कळलं असतं. तुझं पत्र बाबांनी मला दाखवलं तेव्हा मला वाटलं जमीन दुभंगावी. त्या रात्री मी ठरवलं की तुझं तोंड बघायचं नाही. मग आठवडा गेला. मग आत्या बोलता बोलता म्हणाल्या की तुमच्या दवाखान्यात नवी नर्स आलीय, वाय्लेवूची, हसरी, आणि तुझ्या आईकडे रोज ताव्हियोकाचा कंद मागायला येते. रोज कशाला लागतो एवढा? एका माणसाला? मी वहीत पाठीच्या कण्याची आकृती काढत होते, तिला दोन मणके जास्त काढले. मिस प्रिंगलनी विचारलं, हे कोणाचं शरीर?

तर ऐक. तोमासीआजोबा काल दांड्या सोडून चालले. खिडकीपर्यंत गेले, बाहेर बघितलं आणि समुद्र आहे तिथेच आहे म्हणाले. आम्ही सगळे रडलो, ते सोडून.

परीक्षा नोव्हेंबरात. बाहेरचे परीक्षक येणार, आणि प्रत्येकानं आपापलं शरीर आणायचं, ज्याच्यावर करून दाखवायचं. सगळ्यांनी नावं दिली. मी जागा मोकळी ठेवलीय. मला परीक्षेला खांदा आलाय, आणि मला एकच खांदा येतो. मिस प्रिंगल म्हणाल्या, माजी विद्यार्थी आला तरी चालेल, मारामारी करणारा नसला म्हणजे झालं.

तू हे वाचशील तेव्हा मोआलाहून आला असशील. बाबा कडक बोलले असतील. ते जे म्हणतील त्याला तू मान डोलावली असशील, आणि यांगोनाची वाटी पुढे आली तेव्हा निमूट प्यायला असशील, अशी मी रोज प्रार्थना करते. त्यांचं मन भरलं की माझं सगळं होईल. मग बोट धर आणि ये. त्या नर्सला म्हणावं, ताव्हियोका स्वतःचा लावा.

मी रागावलेली आहे. तो राग समोर बसून काढायचा आहे, म्हणून लवकर ये.

आकानिसी

---

कांदावू,
२ नोव्हेंबर १९९४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आम्ही परवा मोआलाहून परतलो. सगळं नीट झालं. तू काळजीत असशील म्हणून ते आधी लिहिलं. मुलगी परीक्षेला बसेल.

आता कसं झालं ते. आम्ही त्यांच्या दारी बसलो. बाबा, बोलका माणूस, मी. तू सांगितल्याप्रमाणे मी मान खाली घातली आणि समोरच्या चटईच्या काठावरची लाल लोकर बघत राहिलो. बोलक्या माणसानं दात पुढे केला. त्यानं काहीच झाकलं नाही. मारलं म्हणाला, पत्र लिहिलं म्हणाला, काय लिहिलं तेही म्हणाला. आतल्या बाया श्वास रोखून होत्या. पेदेली लाउतोकाहून बापाला घेऊन आला होता, तो कोपऱ्यात बसला होता. इनोकेसाहेबांनी दात घेतला नाही. आमचे गुडघे बधिर होईपर्यंत घेतला नाही. मला वाटलं संपलं, तिची ट्रंक परत निघाली.

मग ते बोलायला लागले. आवाज चढवला नाही. म्हणाले, परक्या पोरानं माझ्या भावाच्या मुलाला, म्हणजे माझ्याच मुलाला, डोक्यावर मारलं, तर ते विसरता येत नाही. परक्या पोरानं माझ्या मुलीबद्दल असं लिहिलं, तर ते पुसता येत नाही. दोन पोरं एका पोरीवरून भांडली, हेच लोक म्हणत राहतील, आणि ती डॉक्टरीण होवो की राणी, तिच्या मागून हेच चालत येईल. पण भावानं भावाला मारलं तर कोण विचारतं? घरोघर मारतात. आणि भावानं बहिणीच्या काळजीनं बापाला पत्र लिहिलं, तर त्यात वावगं काय? त्यानं त्याचं काम केलं, समजण्यात चुकला. मला तीन मुलगे आहेत, हा चौथा. आणि त्यांनी दात घेतला.

आत्या, आतल्या बायांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला. एक म्हातारी रडू लागली, किती मोठं मन म्हणाली. बाबांचे डोळे भरून आले. सगळ्यांना ते इतकं सुंदर वाटलं, आणि होतंही. एकट्या मलाच कळलं की काय झालंय. इनोकेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आमचं माहीत होतं की नव्हतं, हे मला अजून उमगलेलं नाही. माहीत नसेल तर ते देवमाणूस आहेत. माहीत असेल तरीही त्यांनी मला असं काही दिलं, की ते नाकारणारा माझ्याइतका नालायक कुणी नसता.

वाटी माझ्यापुढे आली. प्यायलो की मुलगा झालो. नाही प्यायलो की क्षमा झिडकारली, आणि ती उद्याच्या बोटीनं घरी. मला बोलायचं होतं. मुलगा नको, जावई करा, एवढंच. शब्द तोंडात येऊन बसले होते. तुला माझं तोंड माहीत आहे, ते आजवर कशासाठी थांबलेलं नाही. ते थांबलं. टाळी दिली, प्यायलो, सगळ्यांनी टाळ्या दिल्या. पेदेली सरकला, चटईवर आपल्याशेजारी जागा केली आणि मला दादा म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. मी बसलो.

फेब्रुवारीत मी परत येईन. डीनसाहेबांना तसं सांग. मिस प्रिंगलना हेही सांगून ठेव की मी आकानिसीचा भाऊ आहे. ते तुझ्या तोंडून जाऊ दे, मला अजून म्हणता येत नाही. आता कॉलेजात कुणीही तिचा हात हातात घेईल, कामिनिएली घेईल, परदेशी परीक्षक घेतील, उद्या लग्नाला उभा राहील तो घेईल. त्या सगळ्यांचा मला आजपासूनच हेवा वाटतो, ज्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत त्यांचाही. आणि मी जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहीन. तेवढं मी नीट करीन, कारण न बघण्याचा मला सराव आहे.

घरी आलो तर फळीवर तिचं पत्र होतं. सोळा तारखेचा शिक्का आहे, म्हणजे तिनं ते आधी टाकलं, तेव्हा चालत होतं. आईनं बिस्किटांच्या डब्याखाली जपून ठेवलं होतं. जाड आहे, आत दोन तरी कागद असतील. मी ते उजेडात धरलं, मग लगेच खाली ठेवलं. भावाला बहिणीचं पत्र वाचता येत नाही. मी ते या पत्रासोबत तुझ्याकडे पाठवतोय, तिला परत दे. फोडलेलं नाही, ओली बोटंसुद्धा लावलेली नाहीत. आत काय होतं ते मला कधी सांगू नकोस, मी विचारलं तरी.

पाकिटावर तिनं माझं नाव लिहिलंय, शेवटच्या अक्षराला तिची नेहमीची लांब शेपटी काढून. दोन आठवड्यांपूर्वी त्या नावाचा एक पोरगा इथे होता. त्यानं हे पाकीट धक्क्यावरच दातांनी फाडलं असतं. पेदेलीचा मी इतका हेवा केला, पण या पोराच्या हेव्यापुढे तो काहीच नव्हता.

तुझा लोभ तसाच राहू दे. आता तो एकाच बाजूनं नको, तिच्यावरही कर, माझ्या वाटचासुद्धा.

तुझा
एमोरी